जांभ्यावरची माती : प्रकल्प नोंदी

14 नोव्हेंबर 2023

नमुने घेत जायची रेघ ठरली. पोलादपूर, आंबेनळी घाट, प्रतापगडाचा पायथा, महाबळेश्वर. तिथून पूर्वेला पाचगणी आणि पसरणी घाटाने खाली वाई. कोकणाच्या बाजूने जवळजवळ 1,300 मीटरची चढण, तीही थोड्या अंतरात. डोंगरातल्या मातीचा कर्ब, म्हणजे कार्बन, मोजणाऱ्याला हेच हवं असतं.

पुस्तकातला हिशेब सोपा आहे. उंची एक किलोमीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पोलादपूर आणि महाबळेश्वर यांत आठेक अंशांचा फरक. सूक्ष्मजीवांचं काम दर दहा अंशांना दुप्पट होतं असं धरलं, तर वर पाचोळा कुजण्याचा वेग खालच्या निम्म्याहून थोडा जास्त उरतो. पाचोळा दोन्हीकडे सारखाच पडला तरी वर कर्ब जास्त साठायला हवा. पेरूमध्ये अँडीजच्या पूर्व उतारावर तर संशोधकांनी माती उचलून वेगवेगळ्या उंचीवर नेऊन ठेवली. वरची माती खालच्या उबेत आल्यावर तिच्यातला कार्बन घटला.

सरांनी आराखडा वाचून समासात एवढंच लिहिलं : "सह्याद्रीत उंचीबरोबर आणखी काय काय बदलतं?" यादी करायला बसले ती संपेना. पाऊस बदलतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वर, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याचा साधारण तिसरा हिस्सा, वाईला त्याहूनही पुष्कळ कमी. खडक बदलतो. सगळीकडे दख्खनचा बेसाल्ट, पण पठारावर त्याच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. वापर बदलतो. खाली भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरी, वर स्ट्रॉबेरी. आणि पाऊस कितीही असो, तो चार महिन्यांत येऊन जातो. विषुववृत्ताजवळच्या ढगांतल्या जंगलांना आपला एप्रिल-मे माहीत नाही.

तेव्हा उंचीचा एकच आलेख काढून मोकळं होता येणार नाही. प्रत्येक टप्प्यावर जंगल, सडा (जांभ्याचं उघडं पठार) किंवा गवताळ माळ आणि शेत, तिन्ही शक्य तितके शेजारी-शेजारी.

3 डिसेंबर 2023

परवानगी आली. पत्रात "मातीचे नमुने" असं आहे, दगडांचा उल्लेख नाही. जांभ्याच्या मुलखात ही अडचणच, कारण दोन मिलिमीटरच्या चाळणीवर जे उरतं ते सगळं हिशेबात दगड. पुरवणी अर्ज : "माती व खडे".

12 डिसेंबर 2023

सडा. उंची 1,300 च्या वर.

मातीची घनता (बल्क डेन्सिटी) काढण्यासाठीची पोलादी कडी 5 सेंटीमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची, आत 98 घनसेंटीमीटर माती मावते. काळ्या रानात ती हातोडीच्या चार ठोक्यांत बसते. इथे दुसऱ्याच ठोक्याला खडा लागला आणि कडीची धार मुडपली. पुढची कडी बसली, पण तिच्यात अर्धं आकारमान जांभ्याच्या गोट्यांनीच भरलेलं. असल्या नमुन्यावर घनता काढणं म्हणजे दगडाची घनता काढणं.

मग खड्ड्याची पद्धत. एक फूट चौरसाचा खड्डा, निघालेला सगळा माल गोणीत. खड्ड्याला पातळ पॉलिथिनचं अस्तर, त्यात मापाने पाणी ओतायचं. जेवढं पाणी, तेवढं खड्ड्याचं आकारमान. माल नंतर सुकवून, चाळून, माती वेगळी आणि खडे वेगळे तोलायचे. वेळखाऊ आहे, पाणी वाहून न्यावं लागतं, पण आकडा खरा येतो.

गावातले मामा सोबत होते. आमची खाटखूट थोडा वेळ बघितली आणि म्हणाले, "ताई, हितं खाली कातळ हाय. माती बघायची आसंल तर त्या खळग्यात चला." खळग्यात पहार कोपरभर गेली. दहा पावलांवर परत कातळ. मामांना हे पहार न मारताच ठाऊक होतं. गवत कुठे आखूड राहतं, कुसळी कुठे दाट येते, पावसात गेंदाची पांढरी फुलं कुठे उमलतात यावरून ते सांगत होते. गेंद म्हणजे पाणी साचणारी उथळ माती, कुसळीचे दाट पट्टे म्हणजे थोडी खोल. त्यांच्या आजोबांच्या काळात सड्याच्या कडेला नाचणी व्हायची तीही खोल पट्ट्यांतच.

आराखड्यात सडा हा एक प्रकार होता. आता त्याचे तीन : उघडा कातळ, उथळ पाणथळ, खोल खळगा. मामांनी दाखवलेल्या सीमा जीपीएसवर चालून घेतल्या.

21 जानेवारी 2024

जंगलातले खड्डे. अंजनी, जांभूळ, पिसा, मधे हिरडा. झाडं बुटकी, माथे एकमेकांत गुंतलेले, आत उजेड कमी. पाचोळ्याचा थर वाटला होता तेवढा जाड नाही. खाली उचकलं की अर्धवट कुजलेला थर लगेच संपतो आणि काळपट तपकिरी, भुसभुशीत, गांडुळांच्या विष्ठेने कणीदार झालेली माती लागते. कडी हातानेच आत जाते.

खड्डा मीटरभर नेला. काळपट थर सरळ रेघेत संपत नाही. मुळांच्या जुन्या वाटांनी काळ्या जिभा तांबड्या मातीत खाली उतरलेल्या आहेत, काही तर कोपराएवढ्या लांब. मधल्या तांबड्या भागाचा नमुना घेतला तर कर्ब कमी येणार, जिभेचा घेतला तर जास्त. म्हणून प्रत्येक थराची पूर्ण रुंदी खरवडून एकत्र मिसळली.

खोलीवर खल करण्याचं कारण आहे. जोबागी आणि जॅक्सन यांनी 2000 साली जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या, त्यात पहिल्या मीटरमधल्या कर्बापैकी वरच्या 20 सेंटीमीटरमधला वाटा जंगलात सरासरी निम्मा, गवताळ भागात 42 टक्के आणि झुडपी रानात 33 टक्के आला. म्हणजे जंगलातही निम्मा माल त्याच्या खाली. हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय हिशेबात मात्र 30 सेंटीमीटरवर मोजणी थांबवण्याचा प्रघात आहे. आणि सड्यावर पहिला मीटर नावाची गोष्टच नाही.

17 फेब्रुवारी 2024

प्रयोगशाळा. वॉक्ली-ब्लॅक, कर्ब मोजण्याची 1934 पासून चालत आलेली पद्धत : माती, पोटॅशियम डायक्रोमेट, गंधकाम्ल, अर्धा तास थांबणं, मग फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन, म्हणजे उरलेला डायक्रोमेट थेंबाथेंबाने मोजणं, जांभळ्या-निळ्यावरून हिरवा रंग येईपर्यंत.

जंगलातल्या वरच्या थरांनी पहिल्याच फेरीत फ्लास्क हिरवे केले, टायट्रेशनला काही उरलंच नाही. 10 मिलिलिटर डायक्रोमेटला 1 ग्रॅम मातीतला साधारण 3 टक्क्यांपर्यंतचाच कर्ब नीट मोजता येतो. त्यावर गेलं की डायक्रोमेट संपत येतो आणि आकडा अडकून बसतो. अशा नमुन्यांसाठी माती पाव ग्रॅमवर आणली. एवढ्या थोड्या मातीत एखादा मुळाचा तुकडा आला तरी निकाल उडतो, म्हणून आधी बारीक दळून घेणं आलं.

क्रोमियमचं सांडपाणी सिंकमध्ये नाही. वेगळ्या डब्यात, आधी सहा-संयुजी क्रोमियम तीनवर आणायचा, मग चुन्याने बसवायचा. नवीन मुलांसाठी डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

दुपारी एका शेतकऱ्याने मृदा आरोग्य पत्रिकेचा फोटो पाठवला. त्याच्या डोंगरउतारावरच्या तुकड्याला सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात "जास्त". साहजिकच. त्या मोजपट्टीवर 0.5 टक्क्याखाली कमी, 0.75 च्या वर जास्त. सुकणाऱ्या काळ्या रानासाठी ही पट्टी कामाची असेल, महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात मात्र जवळपास सगळंच "जास्त" मध्ये बसतं. बांधावरची माती, धुपून मुरूम उघडा पडलेल्या तुकड्याशेजारची माती, देवराईतली माती, सगळ्यांना एकच शेरा. शिवाय पत्रिका टक्का सांगते. माती किती जाडीची आहे याचा तिच्यात रकानाच नाही.

8 मार्च 2024

जाळून वजन घटवण्याची पद्धत. बऱ्याच जणांना ही आवडते, कारण स्वस्त आहे आणि रसायन लागत नाही : माती 105 अंशांवर सुकवा, तोला, मफल भट्टीत 550 अंशांवर जाळा, परत तोला, घट म्हणजे सेंद्रिय पदार्थ, त्याला 1.724 ने भागलं की कर्ब. जांभ्यावर ती चालत नाही हे आम्हाला मान्यच होतं, पण अहवालात "का" हे लिहावं लागणार म्हणून काही नमुने लावले.

कारण पाण्यात आहे, तेही न दिसणाऱ्या. जांभ्यात गोथाइट हे लोहाचं खनिज आणि बऱ्याच ठिकाणी गिब्साइट हे अॅल्युमिनियमचं. दोघांच्या स्फटिकातच पाणी बांधलेलं असतं, ते 105 अंशांना हलत नाही, तीनशेच्या आसपास निघून जातं. शुद्ध गिब्साइटच्या वजनात जवळजवळ 35 टक्के पाणी असतं. मातीत 20 टक्के गिब्साइट असलं तर नुसत्या पाण्याने 7 टक्के वजन घटणार आणि सूत्र म्हणणार : कर्ब 4 टक्के. मातीत कर्बाचा कण नसला तरीही.

भट्टीतून आलेल्या आकड्यांत नेमकं हेच दिसतं. मीटरभर खालच्या तांबड्या मुरमाची घट वरच्या काळ्या मातीच्या तोडीची. जो कुणी हा तक्ता सरळ कर्ब म्हणून छापेल, तो सह्याद्रीच्या मुरमात प्रचंड साठा सापडल्याची बातमी देईल. ही पद्धत इथेच बंद.

27 एप्रिल 2024

राबाचे तुकडे बघितले. ऐनाची, किंजळाची, हिरड्याची टहाळं तोडून, त्यावर पाचोळा आणि शेण पसरून ठरलेल्या जागी जाळतात, मग पावसाच्या सुरुवातीला तिथेच नाचणीचं रोप टाकतात. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमाने येतं. हल्ली राब कमी झालाय. मुलं मुंबईला, टहाळ तोडायला माणूस नाही.

आमच्या दृष्टीने राब म्हणजे मातीत वर्षानुवर्षं जमलेला कोळसा. कोळसा सहज कुजत नाही, त्यामुळे तो साठ्याचा टिकाऊ भाग. पण वॉक्ली-ब्लॅकच्या आम्लाला बाहेरून उष्णता देत नाहीत, आणि तेवढ्यात कोळशाचा थोडाच भाग त्याच्या हाती लागतो. पद्धतीत ठरलेला 1.3 चा गुणक, म्हणजे 77 टक्के कर्ब पकडला गेला असं गृहीत धरणं, राबाच्या मातीला लागू पडणार नाही. उलट 900 अंशांच्या वर जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजणारं विश्लेषक यंत्र कोळसासुद्धा धरतं. दोन्ही पद्धतींनी तोच नमुना मोजला तर फरकातून कोळशाचा अंदाज येईल.

राबाच्या खाली हात घातला की काळं लागतंच. चाळणीवर काड्यांचे कोळसे शिल्लक राहतात, ते माती की खडे? वेगळ्या पिशवीत घातले, "को" अशी खूण.

6 जून 2024

पाऊस बसण्याआधी पाचोळ्याच्या पिशव्या लावल्या. नायलॉनची जाळी, प्रत्येकीत 10 ग्रॅम सुकी पानं, अंजनी आणि जांभूळ वेगवेगळी. शिवाय चहाच्या पिशव्या : ही जगभर वापरतात ती पद्धत, हिरवा चहा आणि रूइबोस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा तांबडा चहा) 8 सेंटीमीटर खोल पुरायचे आणि साधारण 90 दिवसांनी काढून तोलायचे. हिरवा पटकन कुजतो, रूइबोस सावकाश. दोन्हींच्या घटीवरून त्या जागेचा कुजण्याचा वेग कळतो आणि कितीसा भाग टिकून राहील तेही. सगळीकडे चहा तोच, म्हणून पेरूचा आणि पोलादपूरचा आकडा शेजारी ठेवता येतो.

मामांचा प्रश्न : "चहा पुरून काय उगवनार?"

19 जुलै 2024

वर जाणं अवघड. धुकं दिवसभर हटत नाही, घरांना झड लागू नये म्हणून गवताचे पडदे बांधलेले, जळवा मोज्यांतून आत. नमुने वाळत नाहीत. कर्बासाठीची माती ओव्हनमध्ये तापवून सुकवायची नाही असा आमचा नियम, हवेवरच सुकली पाहिजे, आणि हवेतच पाणी भरलेलं. सगळ्या पिशव्या पुण्याला हलवल्या.

उथळ पाणथळ सड्यावरची माती आज गुडघाभर गेंदाखाली बुडालेली होती. दाबली की फुगे येतात. ऑक्सिजन नसला की कुजणं मंदावतं, त्यामुळे पावसात हा सडा कर्ब जपतो. पण त्याच वेळी लोह क्षपण होऊन विरघळतं आणि त्याला चिकटलेला कर्बही सुटतो. ऑक्टोबरनंतर उलट : माती कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. वर्षातून एकदा तळं आणि एकदा तवा होणाऱ्या चार बोटांच्या मातीत कर्ब टिकतो कसा, हा मला या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत रंजक भाग वाटायला लागलाय. पावसाळी नमुन्यांत दोन-संयुजी लोह असल्यास वॉक्ली-ब्लॅकचा आकडा फुगतो, तेव्हा हे नमुने फक्त यंत्रावर.

11 ऑगस्ट 2024

बाहेर पडता येत नाही तेव्हा वाचन. निलगिरी डोंगरांवरचं संशोधन परत काढलं. तिथे 2,000 मीटरच्या वर शोला जंगल आणि गवताळ माळ शेजारी-शेजारी, आणि माती काळी, हलकी, सेंद्रिय पदार्थाने भरलेली. ज्वालामुखीच्या राखेवर बनणाऱ्या मातीसारखे तिचे गुण आहेत, पण राख नाही. अॅल्युमिनियम आणि ह्यूमसची संयुगं हे काम करतात असं फ्रेंच मृदाशास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि 1993 मध्ये सुकुमार, रमेश आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पीटमधल्या (पाणथळीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातल्या) कार्बनच्या समस्थानिकांवरून हजारो वर्षांत गवत आणि झाडं कशी मागेपुढे झाली ते वाचलं. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांच्या कर्बाची खूण (कार्बन-13 चं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा दर हजारी किती कमी) उणे 12-13 च्या आसपास, झाडांची उणे 27 च्या आसपास, त्यामुळे आज जिथे जंगल आहे तिथे आधी गवत होतं का ते माती सांगते.

आमच्याकडे हे करण्यासारखं आहे. महाबळेश्वरच्या जंगलाच्या खालच्या थरांत गवताची खूण सापडली, तर आजचं "मूळ जंगल" मूळचं किती हे कळेल. खर्च बसत नाही. मोजक्याच नमुन्यांवर करायचं ठरलं, खोल खड्ड्यांतल्या.

पण निलगिरीचे आकडे उचलून सह्याद्रीला लावायचे नाहीत. तिथली शिखरं 2,600 मीटरच्या पुढे जातात, आपलं सर्वांत उंच कळसूबाई 1,646. तिथली थंडी इथे नाही. इथे कर्ब टिकला असेल तर त्याचं श्रेय थंडीपेक्षा लोह आणि अॅल्युमिनियमला जास्त असणार. म्हणून ऑक्झलेट आणि डायथायोनाइट या रसायनांनी मातीतलं लोह आणि अॅल्युमिनियम विरघळवून मोजणं यादीत वर सरकवलं.

14 सप्टेंबर 2024

पिशव्या काढल्या. एका टप्प्यावर रानडुकरांनी चहा उकरून टाकलाय, जाळी फाडलेली, दोरे विखुरलेले. हिरवा खाल्ला, रूइबोस ठेवला. (मामा : "चव कळती त्यान्ला.") तो टप्पा विश्लेषणातून बाहेर, पुढच्या वर्षी वर तारेची जाळी.

5 ऑक्टोबर 2024

देवराई. गाडगीळ आणि वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं तेव्हापासून प्रत्येक अभ्यासाला देवराई "न बिघडलेल्या" जागेचा नमुना म्हणून हवी असते. आम्हालाही. पुजाऱ्यांची परवानगी घेतली, चपला बाहेर, देवीच्या ठाण्याजवळ खणायचं नाही.

माती अप्रतिम. पहार मूठभर उरेपर्यंत आत गेली. पण ही देवराई झऱ्याच्या डोक्यावर आहे, दोन उतारांच्या मधल्या घळीत. शेकडो वर्षांची वाहून आलेली माती इथे थांबलेली. शेजारचं नाचणीचं वावर उताराच्या पाठीवर. दोन्हींची तुलना करून "राखलेल्या जंगलात कर्ब इतका पट" असं लिहिलं तर घळीचं श्रेय देवीला जाईल. बऱ्याच देवराया पाण्याच्या उगमाशी असतात. लोकांनी राखलं म्हणून माती खोल झाली, की माती खोल आणि पाणी जिवंत होतं म्हणून राखलं, हे एका खड्ड्यातून सुटत नाही. आता तुलनेसाठी घळीतलंच एखादं शेत शोधतोय. सापडेल, घळीतल्या मातीवर कुणी ना कुणी शेती करतोच.

9 नोव्हेंबर 2024

स्ट्रॉबेरी. लागण झालेली, गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचं आच्छादन, ठिबक. वाफा सैल, मधली सरी पायांनी तुडवून घट्ट. नमुना कुठून घ्यायचा? दोन्हीकडून, आणि वाफ्याच्या व सरीच्या रुंदीप्रमाणे वजन देऊन सरासरी.

खरा घोळ खोलीचा. मशागतीने माती फुगते. फुगलेल्या मातीत 30 सेंटीमीटर मोजले तर त्यात मातीचं वजन कमी येतं, म्हणून कर्बही कमी दिसतो. जनावरांनी तुडवलेल्या माळावर तेच 30 सेंटीमीटर जास्त माती धरतात आणि कर्ब "वाढलेला" दिसतो. कर्ब तेवढाच, फरक नुसता फुगण्या-दबण्याचा. एलर्ट आणि बेटनी यांनी 1995 मध्ये यावर मार्ग सांगितला : ठराविक खोली सोडून द्या, हेक्टरी ठराविक वजनाची माती भरेपर्यंत खाली मोजत जा. सगळी शेतं आणि माळ याच पद्धतीने. सड्याला तेही लागू नाही, तेवढी मातीच भरत नाही.

शेताच्या मालकांनी विचारलं, "कार्बन क्रेडिट मिळतंय म्हणे. आमच्या मातीचं काय?" खुर्ची दिली, चहा दिला, तेव्हा टाळता येईना. वहीतच मांडून दाखवलं. एक टन कर्ब म्हणजे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड, 44 भागिले 12. पण एका शेतातल्या दोन खड्ड्यांतच एवढा फरक असतो की दोन-चार वर्षांतली वाढ त्या फरकात बुडून जाते. ती सिद्ध करायला एवढे नमुने लागतील की तपासणीचा खर्चच क्रेडिटला गिळेल. शेणखत, सरीत आच्छादन आणि पावसाआधी बांध हे मातीसाठी करा. क्रेडिटचा एजंट आला तर तो किती खोल आणि किती ठिकाणी मोजणार हे आधी विचारा. ते हसले. "म्हंजे पैसे न्हाईत."

22 डिसेंबर 2024

यंत्रावरचे आकडे आले. आम्लाचा थेंब टाकून आधीच बघितलं होतं, फेस येत नाही, म्हणजे चुनखडीचा कार्बन नाही. एकूण तोच सेंद्रिय.

राबाच्या तुकड्यांत वॉक्ली-ब्लॅक आणि यंत्र यांच्यातली दरी इतर सगळ्यांपेक्षा मोठी. अपेक्षा होती तशी. आकडे दुसऱ्यांदा चालवल्याशिवाय कुठे वापरायचे नाहीत.

टक्क्यांच्या क्रमवारीत वरच्या जागा कुणी घेतल्या? सड्याच्या उथळ पाणथळ मातीने. जंगलाच्या वरच्या थराच्या बरोबरीने, काही ठिकाणी पुढे. उंची आणि टक्का यांचा आलेखही छान चढता येतोय. सरांना दाखवला. ते म्हणाले, छाप, पण आधी टनांत कर.

4 जानेवारी 2025

टनांत. सूत्र साधंच : टक्का गुणिले घनता गुणिले खोली, खड्यांचा वाटा वजा करून, सेंटीमीटर धरले की उत्तर थेट हेक्टरी टनांत. आमचे आकडे अजून पक्के नाहीत, म्हणून समजण्यासाठी कागदावरची दोन उदाहरणं.

सडा : कर्ब 6 टक्के, घनता 0.8, खोली 8 सेंटीमीटर, खडे 30 टक्के. उत्तर हेक्टरी 27 टन.

जंगल, वरचे 30 सेंटीमीटर : कर्ब 3.5 टक्के, घनता 0.9, खडे 10 टक्के. 85 टन. त्याखालचे 70 सेंटीमीटर : कर्ब अवघा 1.5 टक्का, घनता 1.1, खडे 15 टक्के. 98 टन. मिळून 183.

टक्क्यात सडा जवळजवळ दुप्पट पुढे, साठ्यात जंगल जवळजवळ सातपट. शिवाय जंगलाचा मोठा हिस्सा 30 सेंटीमीटरच्या खाली, जिथे प्रघाताची मोजणी पोचतच नाही. आमच्या खऱ्या आकड्यांतही चित्र याच दिशेचं आहे : टक्का उंचीबरोबर चढतो, साठा उंचीबरोबर चढत नाही. तो खोलीबरोबर जातो, आणि खोली उंचीला विचारत नाही. घळीत खोल, पाठीवर उथळ, सड्यावर जवळजवळ शून्य. पठाराच्या माथ्याला थंडी आहे, लोह आहे, कर्ब धरून ठेवायची सगळी तयारी आहे, फक्त धरायला माती नाही.

खड्यांचा एक प्रश्न उरतो. सूत्र त्यांना शून्य कर्बाचे धरतं. जांभ्याचे खडे सच्छिद्र आहेत, फोडले की छिद्रांत काळपट भरण दिसते. काही खडे दळून यंत्रावर पाठवले.

30 जानेवारी 2025

जगभरच्या मातीच्या नकाशांतून आपली चौकट उतरवून घेतली, 250 मीटरचा चौकोन. पठार जवळपास एकसारखं रंगलेलं. साहजिक आहे; उपग्रहाला हिरवं दिसतं, उंची दिसते, पाऊस माहीत असतो, पावसात सडाही हिरवागार असतो. खाली चार बोटं आहेत की चार हात, हे वरून कळत नाही. एका चौकोनात आमचे तिन्ही प्रकारचे सडे आणि एक घळ मावते.

सड्याला "कमी साठा, पडीक" असं लेबल लागेल आणि त्यावर कुणी रस्ते, पवनचक्क्या किंवा गाळाची माती आणून बाग करायला निघेल, ही भीती सरांनी बोलून दाखवली. बरोबर आहे. गेंद आणि सीतेची आसवं या सड्यावरच्या फुलांची किंमत हेक्टरी टनांत निघत नाही, आणि साताऱ्याजवळचं कास पठार याच गुणासाठी 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अहवालात सड्याच्या आकड्यासोबत हे वाक्य त्याच परिच्छेदात जाईल, तळटीपेत नाही.

16 फेब्रुवारी 2025

पुढच्या हंगामाचं काम बदललं. कर्बाचे नमुने कमी, खोलीच्या नोंदी जास्त. टोकदार पोलादी सळई, दर 20 मीटरवर एक ठोका, सळई थांबली तिथली खोली आणि कशावर थांबली ते : कातळ, मुरूम की मोठा खडा. आवाजावरून फरक कळतो. कातळ खणखणतो, मुरूम कुरकुरतो. रसायन लागत नाही, गावातली मुलं शिकून घेतील, आणि एका दिवसात जेवढं क्षेत्र होतं तेवढं खड्ड्यांनी महिन्यात होत नाही. मामांना आधी विचारायचं, मग सळई मारायची, आणि दोन्ही रकाने वेगवेगळे ठेवायचे.

खड्यांचे निकाल बाकी. चहाच्या पिशव्यांसाठी तारेची जाळी आणायची. घळीतलं शेत सापडलं आहे, मालक होळीनंतर या म्हणाले.